दगडातला झिंगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या शाळांमध्ये मी जीवाश्मांचा एक ट्रे घेऊन जातो. त्यात शंख आहेत, पानांचे ठसे आहेत आणि एका कोपऱ्यात चुनखडीच्या पातळ पाटीवर झोपलेला एक झिंगा आहे. डायनासोरच्या हाडाच्या तुकड्यापेक्षा जास्त प्रश्न त्या झिंग्यावर येतात, कारण हाड कुणी खाल्लेलं नसतं. तेच ते प्रश्न दर वेळी येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

झिंगा, कोळंबी, जवळा, शेवंड हे सगळे एकच का?

नाही. शेवंड तर पोहण्यापेक्षा रांगणाऱ्यांच्या घरातली. बाकीचे तिघे दिसायला भाऊ, पण नातं बरंच लांबचं. आपल्याकडे विदर्भात तलावातलं काहीही मिशावालं आलं की तो झिंगा, आणि कोकणातून बर्फात आलेली ती कोळंबी. ही बाजारातली विभागणी शास्त्राच्या विभागणीशी बऱ्यापैकी जुळते, ते पुढे येईलच.

झिंग्याच्या शरीरात नेमकं काय काय असतं?

पुस्तकातली आकृती नंतर बघा. आधी भोईपुऱ्याच्या मासळी बाजारातून तलावाचा एक मोठा झिंगा आणि बर्फातली एक कोळंबी आणा, दोन्ही सोलायच्या आधी ताटात आडवे ठेवा आणि मोजायला बसा.

पुढचा अखंड कवचाचा भाग म्हणजे शिरोवक्ष. डोकं आणि छाती एकाच टोपणाखाली गेलेली. टोपणाच्या पुढच्या टोकाला जी दातेरी करवत असते, जी निष्काळजीपणे धरली तर बोटात घुसते, तिला शास्त्रात रोस्ट्रम म्हणतात. तिच्यावर वर किती दाते आणि खाली किती, यावरून अनेकदा जात ओळखतात. करवतीच्या दोन्ही बाजूंना देठावरचे डोळे. मिशांच्या दोन जोड्या: आतली आखूड आणि दुभंगलेली, बाहेरची लांबच लांब. लांब मिशीच्या बुडाशी पानासारखा एक चपटा खवला असतो. तो ताटात कुणाच्या लक्षात येत नाही, पण जीवाश्मात तो सापडला की मला फार बरं वाटतं.

मागचा भाग उदर. आपण खातो ते हेच. त्यात सहा वलयं, आणि शेवटी मधला टोकदार तुकडा व त्याच्या दोन्ही बाजूंना दोन दोन पाकळ्या, मिळून शेपटीचा पंखा. धोका दिसला की झिंगा पोट झटक्यात आत ओढतो आणि या पंख्याने पाणी मारून उलटा पळतो. उदरात एवढं मांस कशासाठी, याचं उत्तर त्या झटक्यात आहे.

आता जोडअवयव मोजा. डोक्याचे पाच (दोन मिशांचे, तीन जबड्याचे), छातीचे आठ, उदराचे सहा. एकूण 19 जोड्या. छातीच्या आठांपैकी पुढच्या तीन जोड्या तोंडाला मदत करायला गेल्या. उरल्या पाच जोड्या, म्हणजे दहा पाय. म्हणून या गणाचं नाव डेकापोडा, दशपाद. उदराखालची पाच जोड्या वल्ही पोहायला, आणि सहावी जोडी म्हणजेच शेपटीच्या बाजूच्या पाकळ्या.

5, 8, 6 हा आकडा पाठ करा. या पानावर पुढे जे काही आहे ते या तीन आकड्यांच्या भोवतीच फिरतं.

यातलं दगडात काय उरतं?

फार थोडं. खेकड्याचं कवच चुन्याने जाड झालेलं असतं, झिंग्याचं पातळ. रॉय प्लॉटनिक यांनी 1986 मध्ये मेलेले झिंगे समुद्राच्या चिखलात पुरून ठेवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. नुसतं पुरल्याने भागत नाही, हे त्यातून दिसलं. चिखलात राहणारे किडे आणि सूक्ष्मजीव काही आठवड्यांत सगळं विस्कटून टाकतात. पुढे डेरेक ब्रिग्ज आणि अमांडा किअर यांनी प्रयोगशाळेत झिंगे कुजवले, तेव्हा उलटी गोष्टही दिसली. परिस्थिती योग्य असेल तर कुजण्यातूनच स्नायूंवर फॉस्फेटचा थर बसतो, तोही आठवड्यांतच. म्हणजे झिंगा दगड होणार की नाही याचा निकाल लाखो वर्षांत लागत नाही, पहिल्या महिन्यातच लागतो.

त्यामुळे चांगले जीवाश्म झिंगे जगात मोजक्याच जागी सापडतात, जिथे तळाच्या पाण्यात प्राणवायू नव्हता किंवा खारेपणा इतका की किडे जगत नव्हते. जर्मनीतलं झोल्नहोफेन (सुमारे 15 कोटी वर्षं), लेबनॉनमधलं हाकेल (सुमारे 9.5 कोटी), अमेरिकेत इलिनॉयमधलं मेझन क्रीक (सुमारे 31 कोटी), स्कॉटलंडमधलं ग्लेनकार्थोम आणि एडिंबरोजवळचं ग्रँटन. ग्रँटनच्या थराचं नावच ‘झिंग्यांचा थर’ असं पडलं आहे. गंमत म्हणजे तो थर जगभर गाजला तो झिंग्यांमुळे नाही. कोनोडॉन्ट नावाचे सूक्ष्म दात कोणत्या प्राण्याचे, हे कोडं शंभराहून अधिक वर्षं पडलेलं होतं. 1983 मध्ये तो अख्खा प्राणी या थरातल्या नमुन्यात असल्याचं जाहीर झालं.

दगडातला झिंगा मेलेला असतो की ती नुसती कात असते?

छान प्रश्न. आठवीतल्या एका मुलीने विचारला होता, तोवर मी स्वतः तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

झिंगा वाढताना वारंवार कात टाकतो. टोपण आणि उदर यांच्यामधला सांधा उघडतो, टोपण वर उचललं जातं आणि प्राणी तिथून बाहेर येतो. मागे राहिलेल्या कातीत टोपण बहुधा सरकलेलं किंवा तिरकं पडलेलं असतं. म्हणून पाटीवर टोपण आणि उदर एका रेषेत नसतील, मधे फट असेल, तर आधी कातीची शंका घ्यावी. उलट उदराच्या वलयांमध्ये स्नायूंचे दोरे दिसत असतील तर तो मेलेला प्राणीच. झोल्नहोफेनच्या पाट्या अतिनील दिव्याखाली धरल्या की फॉस्फेट झालेले स्नायू चमकतात. साध्या उजेडात नुसता तपकिरी डाग वाटणाऱ्या जागी दोरे उमटतात. एकच झिंगा आयुष्यात अनेक काती टाकतो, त्यामुळे एका थरात शंभर नमुने सापडले म्हणजे शंभर झिंगे होते असं नाही.

जीवाश्म झिंग्यांचं वर्गीकरण कसं करतात?

आता ताटातल्या त्या दोघांकडे परत या, कारण भोईपुऱ्याच्या एका पिशवीत तुम्ही दोन उपगण घेऊन आला आहात.

बर्फातली समुद्री कोळंबी ही डेंड्रोब्रँकिएटा उपगणातली. नावाचा अर्थ झाडासारखे कल्ले: टोपण उचलून पाहिलंत तर कल्ल्याला फांदीवर फांदी फुटलेली दिसते. तलावातला झिंगा प्लिओसायमेटा उपगणातल्या कॅरिडीया गटातला, आणि त्याचे कल्ले पुस्तकाच्या पानांसारखे. कोळंबीच्या पायांच्या पहिल्या तीन जोड्यांना छोटे चिमटे असतात. तलावातल्या झिंग्याच्या पहिल्या दोनच जोड्यांना, आणि त्यातही दुसरी जोडी हातभर लांब. आणखी एक फरक आपल्याकडे घरोघरी माहीत आहे: पोटाखाली अंडी घेऊन आलेला झिंगा तुम्ही पाहिला असेल, कोळंबी कधीच पाहिली नसेल. कोळंबी अंडी थेट पाण्यात सोडून देते. कॅरिडीयाची मादी पिल्लं निघेपर्यंत ती वल्ह्यांना चिकटवून सांभाळते.

पूर्वी, 1880 च्या सुमारास योहान बोआस यांनी दशपादांचे दोन भाग केले होते: पोहणारे आणि रांगणारे. सोपं होतं, लोकांना पटणारं होतं आणि चुकीचं होतं, कारण पोहणारे सगळे एका घरातले नव्हते. मार्टिन बर्कनरोड यांनी 1963 मध्ये अंडी सांभाळणारे सगळे, मग ते झिंगे असोत, शेवंड असो की खेकडे, प्लिओसायमेटात एकत्र केले. थोडक्यात, तुमच्या ताटातला तलावाचा झिंगा कोळंबीपेक्षा खेकड्याला जवळचा. हे सांगितलं की पालकांच्या चेहऱ्यावर ‘काहीतरीच काय’ असं उमटतं. पण शास्त्र तसंच सांगतं.

पण दगडात कल्ले आणि अंडी कुठून दिसणार?

जवळजवळ कधीच दिसत नाहीत. म्हणून जीवाश्मवाले उदराचं दुसरं वलय बघतात.

प्रत्येक वलयाची कड दोन्ही बाजूंना खाली लोंबते, पदरासारखी. कोळंबीत हे पदर कौलांसारखे पडतात: पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर. कॅरिडीयात दुसरा पदर रुंद होऊन पुढे पहिल्यावर आणि मागे तिसऱ्यावर, दोन्हीकडे चढतो, घोड्यावरच्या खोगिरासारखा. ही खूण दगडातही टिकते. झोल्नहोफेनचा अँट्रिम्पोस पाहिला तर कौलं दिसतात, म्हणून तो कोळंबीकडचा. तिथलाच एगर हाही त्याच बाजूचा, मात्र तोंडाजवळच्या तिसऱ्या जोडीचे लांबलचक काटेरी पाय पुढे काढलेले असल्यामुळे तो लांबूनही ओळखू येतो.

सोळा वर्षं शाळांत हे खोगीर दाखवतोय. ताटातल्या झिंग्यावर बोट ठेवून दाखवलं की मुलं विसरत नाहीत. फळ्यावर काढून दाखवलं की पुढच्या तासाला विसरतात.

सर्वात जुना झिंगा कोणता?

खात्रीने झिंगा म्हणता येईल असा अॅसिक्युलोपोडा मॅपेसी. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात सापडला, वय सुमारे 36 कोटी वर्षं, वर्णन 2010 मध्ये रॉडनी फेल्डमन आणि कॅरी श्वाइट्झर यांनी केलं. तो कोळंबीच्या बाजूचा आहे, आणि उदरातले स्नायू दगड होऊन टिकलेत. त्याच काळातला पॅलिओपॅलेमॉन 1880 पासून माहीत आहे. नावात झिंगा असला तरी तो रांगणाऱ्यांच्या बाजूला जास्त झुकतो.

त्याच्याही आधीचे ‘झिंगे’ पुस्तकांत दिसतात, ते काय?

तिथेच सगळा घोळ आहे. ग्रीकमध्ये झिंग्याला कॅरिस म्हणतात, आणि जुन्या अभ्यासकांनी लांबट, सांधेदार, शेपटीवालं काहीही दिसलं की नावाच्या शेवटी कॅरिस जोडून टाकलं. नावावरून नातं ठरवायचं म्हटलं तर आपल्या गावातले सगळे पाटील एका आजोबांचे निघतील.

अनोमॅलोकॅरिसचंच बघा. कॅनडातल्या माउंट स्टीफनवरच्या नमुन्याला जोसेफ व्हाइटीव्ह्ज यांनी 1892 मध्ये नाव दिलं, अर्थ ‘विचित्र झिंगा’. वलयं होती, खाली पायांसारखे काटे होते, फक्त डोकं सापडत नव्हतं. सापडणार कसं? ते अख्खं शरीर नव्हतंच. तो एका बऱ्याच मोठ्या शिकारी प्राण्याच्या तोंडापुढचा एक हात होता. त्याच जातकुळीच्या प्राण्याचं गोल तोंड चार्ल्स वॉलकॉट यांनी 1911 मध्ये जेलीफिश म्हणून नोंदवलं होतं. 1985 मध्ये हॅरी व्हिटिंग्टन आणि डेरेक ब्रिग्ज यांनी हात, तोंड आणि धड एका प्राण्याला जोडलं. 50 कोटी वर्षांपूर्वीच्या त्या प्राण्याचा झिंग्याशी संबंध एवढाच की दोघेही संधिपादांच्या, म्हणजे सांधेदार पायांच्या प्राण्यांच्या, मोठ्या कुळाच्या आसपासचे.

सिराटिओकॅरिस आणि नाहेकॅरिस हे मात्र खरोखरचे कवचधारी (खेकडे, झिंगे ज्यात येतात तो मोठा वर्ग), त्यातल्या फायलोकॅरिडा गटातले. पण त्यांचं उदर मोजलं तर सहाऐवजी सात वलयं भरतात, टोपण दोन फाकांचं असतं, पुढे एक सुटी पट्टी असते आणि शेपटीला पंख्याऐवजी काटे. या घराण्याचे वंशज आजही समुद्रात आहेत, नेबालिया नावाचे, नखाएवढे. म्हणून मी मोजा मोजा म्हणतो. सहा भरले तर पुढे बोलू, सात भरले तर वेगळं घर.

सहा भरूनही झिंगा नसलेले पुष्कळ आहेत. दगडी कोळशाच्या काळात पायगोसेफॅलोमॉर्फा नावाचे प्राणी होते, हुबेहूब झिंग्यासारखे, पण त्यांच्या माद्या छातीखालच्या पिशवीत अंडी ठेवत. त्यांचे नंतरच्या पर्मियन काळातले (सुमारे 30 ते 25 कोटी वर्षांपूर्वीचे) भाऊबंद ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेत सापडतात, जेव्हा हे दोन्ही आपल्यासकट गोंडवन नावाच्या जुन्या महाखंडात एकत्र होते. मँटिस श्रिम्प म्हणतात त्यांचे पूर्वजही मेझन क्रीकमध्ये आहेत. त्यांची आतली मिशी दुभंगलेली नसते, तिला तीन फाटे असतात.

एवढ्या वेगवेगळ्या घरांत सारखाच साचा कसा? विल्यम कॅल्मन यांनी 1904 मध्ये या साच्याला ‘कॅरिडॉइड ढब’ असं नाव दिलं: टोपण, देठावरचे डोळे, मिशीचा खवला, मांसल उदर, शेपटीचा पंखा. उलटं पळायचं असेल तर हा साचा कामाचा, म्हणून तो टिकून राहिला. झिंगा हे घराण्याचं नाव नाही, ती एक ठेवण आहे, असं मी मुलांना सांगतो.

नागपूरच्या आसपास जीवाश्म झिंगे सापडतात का?

खरे झिंगे, नाही. पण पूर्ण उत्तर लांब आहे, आणि मला ते सांगायला आवडतं.

1840 च्या दशकात स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरात आले. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच. ते आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर मोकळ्या वेळात दगड फोडत हिंडत. तेव्हा शहराच्या वायव्येला असलेलं टाकळी, जे आज शहराच्या पोटात गेलं आहे, तिथे काळ्या बेसाल्टच्या दोन थरांमध्ये त्यांना तळ्याच्या गाळाचा पातळ थर मिळाला. लाव्हा एकदा येऊन गेल्यावर आणि पुन्हा यायच्या आधी, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, तिथे तळं साचलं होतं. त्यात गोड्या पाण्यातले शंख, बिया, माशांचे खवले आणि तिळापेक्षाही लहान दोन शिंपल्यांचे प्राणी, ऑस्ट्राकॉड. इंग्रजीत त्यांना ‘बियांचे झिंगे’ म्हणतात. कवचधारी आहेत, पण ना मोजायला सहा वलयांचं उदर, ना शेपटीचा पंखा. भिंग लावल्याशिवाय दिसतही नाहीत.

नागपूरच्या दक्षिणेला वर्धेच्या खोऱ्यात मांगली आहे. तिथल्या ट्रायासिक काळातल्या (सुमारे 25 ते 20 कोटी वर्षांपूर्वीच्या) दगडात नखाएवढे दोन शिंपल्यांचे ठसे सापडले, आणि लंडनच्या रुपर्ट जोन्स यांनी 1862 मध्ये त्यांना एस्थेरिया मंगलिएन्सिस असं आपल्या मांगलीचं नाव दिलं. हे ‘शिंपल्याचे झिंगे’. इतर कवचधारी कात टाकताना जुनं कवच फेकतात, हे मात्र शिंपला टाकत नाहीत, आतून नवा थर जोडतात. म्हणून त्यांच्या शिंपल्यावर झाडाच्या खोडासारखी वाढीची वलयं दिसतात. त्यांची अंडी कोरड्या मातीत पडून राहतात आणि पाऊस पडला की उबतात. त्यांचे वंशज आजही पावसाळी डबक्यांत होतात.

खरे झिंगे का नाहीत? त्या काळचे बहुतेक टिकलेले झिंगे शांत समुद्राच्या किंवा खाजणाच्या चिखलातले आहेत. आपल्याकडे पूर्वेला अतिप्राचीन स्फटिकी खडक, पश्चिमेला बेसाल्ट, आणि कामठीकडे नदीने आणलेला वालुकाश्म, ज्यात ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष झाडाची पानं छान उमटतात. वाहत्या वाळूत झिंग्याचं पातळ कवच कसं टिकणार?

हिस्लॉप 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून रात्री घोड्यावरून परतताना पुराच्या नाल्यात बुडून गेले. वर्गात हे सांगितलं की क्षणभर सगळे गप्प होतात, मग कुणीतरी घोड्याचं काय झालं ते विचारतं.

आमच्या शेतातल्या दगडात झिंगा आहे. फोटो पाठवू का?

पाठवा, पण आधी तीन गोष्टी बघा. झाडासारख्या काळ्या फांद्या असतील तर ते मँगनीजचे डाग आहेत, कुणाच्या मिशा नाहीत. आकार एकाच बाजूने झिंग्यासारखा आणि दगड फिरवला की नुसता गोटा, तर तो गोटाच. आणि वलयं मोजता येत असतील तर आकडा लिहून पाठवा. नाणं शेजारी ठेवा. चेहऱ्याशेजारी धरून काढलेल्या फोटोत मला तुमचाच चेहरा स्पष्ट दिसतो, दगड नाही.

जीवाश्म झिंगा विकत घ्यावा का?

माझी गोष्ट ऐका आणि ठरवा. दुसऱ्या एका शहरातल्या प्रदर्शनात मी वीतभर लांबीचा झोल्नहोफेनचा झिंगा घेतला. महिन्याच्या पगाराचा बराचसा भाग गेला. घरी सहा महिने शोकेसमध्ये होता. एकदा वर्गासाठी त्याचं रेखाचित्र काढायला बसलो आणि पाय मोजले, तर चालायच्या पायांच्या जोड्या सात! पाच हव्यात. पुन्हा मोजले, सातच. बायकोचा नेलपॉलिश काढायचा द्राव कापसाच्या काडीवर घेतला आणि शेवटच्या पायावर फिरवला. कापूस तपकिरी झाला. खाली खिळ्याने ओढल्यासारखी पांढरी रेघ निघाली. लांब मिशाही तशाच गेल्या, एकेक करून. उदर, पंखा आणि अर्धं टोपण खरं होतं. बाकीचा झिंगा कुण्या चित्रकाराचा. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं.

शाळांत मी नेतो तो हाच. अर्धा पुसलेला.

ताटातल्या झिंग्याचं पुढे काय करता?

रस्सा. फक्त दुसरं वलय आधी काढून उकळत्या पाण्यात घालतो, मांस काढून उन्हात वाळवतो आणि काडेपेटीत कापसावर ठेवतो. अशा बावीस काडेपेट्या आहेत. मुंग्यांना त्यांचा पत्ता माहीत आहे, त्यामुळे प्रत्येकीत एक लवंग टाकायची.